जास्तीची भाकरी

आण्णांच्या रिपोर्टमधला एक शब्द मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभ्या उभ्या तीनदा वाचला. पॉलिप. मोठ्या आतड्यात दोन, एक आठ मिलिमीटरचा, दुसरा त्याच्या निम्मा. दोन्ही दुर्बिणीतूनच काढून टाकले होते. बायॉप्सीत कॅन्सर नव्हता, 'ट्युब्युलर अ‍ॅडेनोमा' एवढंच लिहिलं होतं. डॉक्टरांनी शांतपणे सगळं समजावलं, तीन वर्षांनी पुन्हा एकदा दुर्बीण घालून बघू म्हणाले, आणि मी मान डोलावत राहिले. डोक्यात मात्र तो एकच शब्द फिरत होता. कारण गेली चौदा वर्षं मी रोज सकाळी पॉलिपांनाच खाऊ घालते.

मी पुण्यात हायड्रावर काम करते. हायड्रा म्हणजे गोड्या पाण्यात राहणारा, सेंटिमीटरभरही नसलेला, दोऱ्यासारखा प्राणी. एका टोकाने पाणवनस्पतीला चिकटलेला, दुसऱ्या टोकाला तोंड आणि तोंडाभोवती पाच-सहा लवलवत्या शुंडा. दोऱ्याचं टोक उसवून त्याचे धागे सुटावेत तसा दिसतो. अठराव्या शतकात याला हायड्रापेक्षा पॉलिपच जास्त म्हणत. ग्रीक भाषेत पॉलिप म्हणजे पुष्कळ पायांचा. वैद्यांनी शरीरातल्या देठाच्या गाठींना तोच शब्द दिला, निसर्ग न्याहाळणाऱ्यांनी या पाण्यातल्या जीवाला दिला. दोन्ही शब्द एकाच घरातले. हे मला कितीतरी वर्षं माहीत होतं, विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला मी ते सांगतही आले. त्या दिवशी हातात रिपोर्ट होता, बाकावर आण्णा टोपी मांडीवर ठेवून बसले होते, आणि तो शब्द पहिल्यांदा माझ्या घरात आला.

"काय लिवलंय?" त्यांनी विचारलं.

"गाठी होत्या, काढल्या. साध्या आहेत."

"कशाच्या गाठी?"

मी सांगायला सुरुवात केली आणि थांबले. आण्णांनी आयुष्यभर ऊस केला. त्यांना 'पेशी' हा शब्द माहीत आहे, पण मी काय करते हे मी त्यांना कधी धड सांगितलेलं नाही. 'पाण्यातले किडे बघते' एवढ्यावर आमचं भागलं होतं. त्यांच्या पोटातून निघालेली गाठ आणि माझ्या काचेच्या वाडग्यांतले ते जीव यांच्यामध्ये एक सरळ वाट आहे, आणि ती वाट मी रोज चालते, हे त्यांना कसं सांगावं ते मला त्या बाकावर सुचलं नाही. हा लेख म्हणजे ते सांगण्याचा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

त्याआधी एक गोष्ट, कारण ती कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आण्णांना वर्षभर अधूनमधून रक्त जात होतं. गावाकडे सगळ्यांनी मूळव्याध म्हणून सोडून दिलं, एका ठिकाणी चूर्ण दिलं, दुसऱ्या ठिकाणी मलम. कुणीही आत डोकावून बघितलं नाही. आण्णांनी मला सांगितलं नाही, कारण बापाने लेकीला हे सांगायचं नसतं असं त्यांना वाटतं. माझ्या बाजूने, मी विचारलं नाही. ज्या आतड्याच्या अस्तरावरचे निबंध मी दर महिन्याला वाचते, त्या आतड्याबद्दल घरच्या माणसाला मी एकदाही विचारलं नव्हतं. साठीच्या पुढच्या माणसाला रक्त जात असेल तर मूळव्याध म्हणून गप्प बसू नका. एवढं सांगून पुढे जाते.

माझी सकाळ आर्टेमियाच्या, म्हणजे कोळंबीच्या जातीच्या एका इवल्या जीवाच्या, अंड्यांपासून सुरू होते. खाऱ्या पाण्यात रात्रभर हवेचे बुडबुडे सोडून ठेवलेली ती अंडी उबतात आणि त्यातून नारिंगी रंगाचे, वाळूच्या कणाएवढे जीव बाहेर पडतात. उजेड दाखवला की ते सगळे एका बाजूला गोळा होतात. त्यांना गाळून, मीठ जाईपर्यंत धुऊन, ड्रॉपरने हायड्राच्या वाडग्यात सोडायचं. एखादा जीव शुंडेला लागतो, तिथेच थबकतो, शुंडा त्याला आत ओढते. अर्ध्या तासात सगळे हायड्रा नारिंगी पोटाचे होतात. काही तासांनी पाणी बदलायचं. यातलं काहीही यंत्राने होत नाही आणि सुट्टीच्या दिवशीही चुकत नाही. खोलीचं तापमान १८ अंश. मे महिन्यातसुद्धा मी स्वेटर घालून बसते.

पुण्याचं आणि हायड्राचं नातं तसं जुनं आहे. आघारकर संशोधन संस्थेत यावर अनेक वर्षं काम झालं आणि 'हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे' या नावाने इथला हायड्रा जगभरच्या निबंधांत नोंदला जातो. (संस्था शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या नावाची आणि ज्या रस्त्यावर ती उभी आहे तो गोपाळ गणेश आगरकरांच्या नावाचा. नवीन विद्यार्थी हे हमखास एकच समजतात.) एका प्राण्याच्या नावाला आपल्या शहराचं नाव जोडलेलं असावं याचा मला अजूनही दर वेळी आनंद होतो.

हायड्राचं डोकं कापलं तर दोन-तीन दिवसांत नवं येतं. मधला तुकडा काढला तर त्याला वर डोकं आणि खाली पाय फुटतो. ही गोष्ट पहिल्यांदा नीट पाहिली अब्राहम ट्रेंब्लेने, १७४० साली, हॉलंडमध्ये हेगजवळच्या एका वाड्यावर. तो तिथे दोन मुलांचा शिक्षक होता. हा जीव वनस्पती की प्राणी हे ठरवायला त्याने तो कापला. वनस्पती असेल तर तुकडा रुजेल, प्राणी असेल तर मरेल, असा त्याचा सरळ हिशोब. दोन्ही तुकडे पुरे झाले, आणि चालायलाही लागले. त्याने पॅरिसचे निसर्गअभ्यासक रेओम्यूर यांना कळवलं, त्यांनी या जीवाला पॉलिप म्हटलं, आणि १७४४ साली ट्रेंब्लेचं पुस्तक आलं.

मला स्वतःला त्याच्यापेक्षा जवळची वाटते ती एथेल ब्राउन. १९०९ साली या अमेरिकन संशोधक बाईंनी एका हायड्राच्या तोंडाजवळचा इवलासा तुकडा घेऊन दुसऱ्याच्या कुशीत बसवला. तिथून एक नवं डोकं आणि आख्खं नवं शरीर फुटलं. दोघांचे रंग वेगळे होते, म्हणून तिला दिसलं की नवं शरीर बसवलेल्या तुकड्याचं नव्हतं, ते यजमानाच्याच पेशींचं होतं. तुकड्याने फक्त सांगितलं होतं, आणि शेजाऱ्यांनी ऐकलं होतं. बेडकासारख्याच उभयचर प्राण्याच्या गर्भात हेच घडतं हे हान्स स्पेमान आणि हिल्डे मॅन्गोल्ड यांनी १९२४ साली दाखवलं, आणि स्पेमानना १९३५ चं नोबेल मिळालं. पंधरा वर्षं आधी एका बाईने पाण्याच्या थेंबाएवढ्या जीवात ते पाहून ठेवलं होतं. मी तो प्रयोग दर वर्षी नव्या मुलांना करायला लावते.

पण तुकड्याने सांगितलं म्हणजे काय? कुठल्या भाषेत? याचं उत्तर यायला नव्वद वर्षं लागली, आणि ते उत्तर दिल्लीवरून फिरून आलं.

नवी दिल्लीच्या पुसा परिसरात भारतीय कृषी संशोधन संस्था आहे. तिथे आर. पी. शर्मा यांना फळमाश्यांमध्ये एक विचित्र माशी सापडली. केळ्यावर घोंघावणारी ही माशी प्रयोगशाळेत बाटल्यांमध्ये वाढवतात. १९७३ साली त्यांनी तिची छोटी नोंद केली आणि १९७६ मध्ये व्ही. एल. चोप्रा यांच्याबरोबर सविस्तर निबंध लिहिला. त्या घराण्यातल्या काही माश्यांना एक पंख नव्हता, काहींना दोन्ही नव्हते, काही अगदी नेहमीसारख्या होत्या. त्यांनी जनुकाला नाव दिलं 'विंगलेस', बिनपंखी. यातली खरी गोम अशी की जिथे पंख नव्हता ती जागा नुसती रिकामी राहिली नव्हती. तिथे पाठीचाच भाग पुन्हा एकदा उगवला होता. पेशी होत्या, वाढल्याही होत्या. त्यांना फक्त पंख व्हायचं आहे हे कुणी कळवलं नव्हतं.

मी एमएस्सीला असताना हे वाचलं तेव्हा पुसाचं नाव बघून अंगावर काटा आला होता. गव्हाच्या आणि भाताच्या वाणांची जागा ती. आमच्या घरी पुसा हा शब्द बियाण्याच्या पिशवीवर वाचलेला.

पुढची गोष्ट भरभर सांगते. १९८० साली हायडेलबर्गमध्ये क्रिस्टियाने न्यूस्लाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी माशीच्या अळीची शरीररचना बिघडवणारी जनुकं हुडकून काढली, त्यात विंगलेस पुन्हा भेटलं. १९८२ साली सॅन फ्रान्सिस्कोत रुल नुसे आणि हॅरल्ड वार्मस उंदरांच्या स्तनांतल्या गाठींचा अभ्यास करत होते. एक विषाणू उंदराच्या जनुकसंचात घुसून शेजारचं एक जनुक नको तेव्हा चालू करत होता. त्या जनुकाचं नाव त्यांनी ठेवलं इंट-१. दोन वेगळी गावं, दोन वेगळे प्राणी, एकीकडे हरवलेला पंख आणि दुसरीकडे वाढलेली गाठ. १९८७ साली नुसेंच्या अ‍ॅमस्टरडॅमच्या गटाने दाखवलं की माशीतलं विंगलेस आणि उंदरातलं इंट-१ हे एकच जनुक आहे. १९९१ मध्ये दोन नावं जोडून घराण्याचं नाव पडलं विंट. माणसात अशी १९ जनुकं आहेत.

आणि २००० साली बर्ट होबमायर, थॉमस होल्स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रात विंट कुठे आहे ते शोधलं. ते होतं तोंडाच्या अगदी टोकाला. ब्राउन बाईंनी १९०९ साली जो तुकडा उचलला होता, नेमका तिथेच.

आता भाकरीची गोष्ट.

माझी आजी रोज संध्याकाळी एक भाकरी जास्तीची थापायची. घरात माणसं मोजलेली असायची, तरी दुरडीत एक वर. कोण येईल सांगता येत नाही म्हणायची. बहुतेक दिवशी कुणीच यायचं नाही आणि सकाळी ती भाकरी म्हशीच्या पाटीत जायची. लहानपणी मला ते वाया घालवणं वाटायचं. एकदा रात्री साडेनऊला आण्णांचे एक मामेभाऊ भिजून चिंब होऊन दारात उभे राहिले. चूल विझलेली. आजीने काही न बोलता दुरडीवरचं फडकं उचललं. पीठ मळायला बसली असती तर पाहुणा ताटकळला असता.

आपल्या पेशी हेच करतात. बीटा-कॅटेनिन नावाचं एक प्रथिन पेशी सतत तयार करत असते आणि सतत मोडीत काढत असते. अ‍ॅक्सिन आणि एपीसी ही दोन प्रथिनं त्याला धरून ठेवतात, जीएसके-३ नावाचं विकर त्याच्यावर फॉस्फेटची खूण उमटवतं, आणि खूण उमटलेलं बीटा-कॅटेनिन काही मिनिटांत नष्ट होतं. रोजची भाकरी, रोज म्हशीला. मग बाहेर दारावर विंट येऊन टेकतं. दाराशी त्याला ओळखणारी ग्राही प्रथिनं असतात, त्यातल्या एकाचं नाव फ्रिझल्ड, तेही माशीच्याच विस्कटलेल्या केसांवरून पडलेलं. विंट आलं की ही मोडणारी टोळी दाराकडे ओढली जाते आणि तिचं काम थांबतं. बीटा-कॅटेनिन साठतं, पेशीच्या केंद्रकात जातं आणि तिथे टीसीएफ नावाच्या प्रथिनाबरोबर बसून जनुकं चालू करतं. वाढ, विभागत राहा, अजून काहीच ठरवू नकोस, अशा अर्थाची जनुकं. निरोप आल्यावर सुरुवातीपासून काही करावं लागत नाही. फक्त मोडणं थांबवायचं.

विंटचा निरोप लांब जात नाही. प्रत्येक विंट प्रथिनाला पेशी मेदाम्लाची एक शेपटी जोडते. तेलाचा थेंब पाण्यात सुटा राहत नाही तसं हे प्रथिन पाण्यात मोकळं फिरत नाही, पेशीच्या पडद्याला चिकटून राहतं. १९८२ ला जनुक सापडलं, पण शुद्ध स्वरूपात विंट हाती यायला २००३ उजाडलं. एकवीस वर्षं लोक ते पाण्यात शोधत होते. पुढे २०१४ मध्ये लंडनच्या झां-पॉल व्हिन्सेंट यांच्या गटाने माशीतलं विंगलेस पेशीच्या पडद्याला मुद्दाम खिळवून टाकलं, म्हणजे ते उठून कुठे जाऊच शकणार नाही. तरीही माश्यांना जवळपास नेहमीसारखे पंख आले. शेजारच्या भिंतीपलीकडे हात पोचला की काम झालं.

मूलपेशींबद्दल, म्हणजे ज्यांच्यापासून नव्या पेशी होत राहतात त्यांच्याबद्दल, बोलायचं तर हे आधी सांगणं भाग होतं. वर्तमानपत्रांत स्टेम सेल म्हटलं की एखादी जादूची पेशी डोळ्यांसमोर येते, जणू तिच्या अंगातच काही वेगळं रक्त आहे. मीही बरीच वर्षं तसंच शिकवलं. आतड्याने माझं मत बदललं.

आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं. आज जेवताना जे अस्तर आहे ते पुढच्या आठवड्यात नसणार. ही सगळी नवी भरती होते अस्तरातल्या खोल, विहिरीसारख्या खळग्यांच्या तळातून. १९९८ साली उट्रेख्टच्या हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने उंदरांत टीसीएफ-४ हे जनुक काढून टाकलं, तर लहान आतड्यातल्या मूलपेशींची जागाच तयार झाली नाही आणि पिल्लं जन्मल्यावर लगेच दगावली. २००७ मध्ये निक बार्कर यांनी त्याच गटात या मूलपेशींची खूण शोधली, एलजीआर-५. उंदराच्या लहान आतड्यात प्रत्येक खळग्याच्या तळाशी अशा पंधराएक पेशी असतात, आणि दर दोघींच्या मध्ये एक पानेथ पेशी. या पानेथ पेशी जंतू मारायचं काम करतात एवढंच ठाऊक होतं. पण विंट त्याही देतात. तोशिरो सातो यांनी २००९ मध्ये एकेकटी मूलपेशी ताटलीत वाढवून तिच्यातून आतड्याची इवली प्रतिकृती उभी केली, आणि दोन वर्षांनी दाखवलं की पानेथ पेशी शेजारी ठेवली तर ती कितीतरी सहज उभी राहते.

तळाशी जागा मोजकी. पेशी विभागत राहतात, एकमेकींना ढकलतात. जी वर ढकलली गेली, तिची शेजारीण सुटली आणि तिच्यापर्यंत विंट पोचणं कमी झालं, ती दोन दिवसांत साधी शोषणारी पेशी होते आणि पुढे झडून जाते. जी राहिली ती मूलपेशी राहिली. कुणी राहायचं हे बरंचसं योगायोगाने ठरतं. आणि समजा तळातल्या सगळ्या मूलपेशी मारून टाकल्या, तर वर गेलेल्यांपैकी काही जणी पुन्हा खाली सरकतात, शेजारणीजवळ बसतात आणि मूलपेशी होतात. उंदरात हा प्रयोग झालेला आहे. माझ्या वहीत त्या दिवशी मी लिहिलं होतं: मूलपेशी ही जात नव्हे, जागा आहे. आज ते वाक्य मला जरा जास्तच ठाम वाटतं, कारण प्रत्येक अवयवाची रीत वेगळी. रक्ताच्या मूलपेशींना आतड्याचा नियम जसाच्या तसा लागू होत नाही. पण आतड्यापुरतं मी ते अजून खोडलेलं नाही.

आणि आण्णांच्या गाठी? एपीसी, ते भाकरी धरून ठेवणारं प्रथिन, त्याचं जनुक १९९१ साली सापडलं ते अशा घराण्यांमधून जिथे तरुणपणीच मोठ्या आतड्यात शेकडो पॉलिप येतात. पुढे कळलं की घराण्यात काही नसलेल्या माणसांतही अशा बहुतेक गाठींची सुरुवात एखाद्या पेशीत एपीसी तुटण्यापासून होते. आण्णांच्या गाठीत नेमकं काय तुटलं होतं हे कुणी तपासलं नाही, तशी गरजही नव्हती. पण मी मनात चित्र काढलं. एका पेशीत भाकरी म्हशीला जाणं बंद झालं. दारात कुणी नाही, निरोप नाही, तरी दुरडी भरलेली. पेशीला वाटतं पाहुणा आला. ती वर ढकलली जाते, शेजारीण सुटते, तरी तिला वाटतं आपण तळाशीच बसलोय. ती विभागत राहते. तिच्या लेकींनाही तसंच वाटतं. आठ मिलिमीटर.

मग याला विंट अडवणारं औषध का देत नाहीत, असं मला माझ्या भावाने विचारलं. प्रश्न बरोबर आहे. अडचण ही की बिघाड दारात नाही, आत आहे. बाहेरून येणारा निरोप तोडून आतली भरलेली दुरडी रिकामी होत नाही. आणि आत हात घालायचा तर तोच निरोप हाडांना लागतो, केसांच्या मुळांना लागतो, चांगल्या आतड्याला लागतो. म्हणून अजून तरी दुर्बिणीतून बघणं आणि गाठ लहान आहे तोवर काढून टाकणं याला तोड नाही.

मी सुट्टी संपवून पुण्याला आले त्या आठवड्यात आमच्याकडे एक नेहमीचा प्रयोग चालू होता. अल्स्टरपॉलोन नावाचं रसायन हायड्राच्या पाण्यात एक दिवस ठेवायचं. ते जीएसके-३ ला अडवतं, म्हणजे खूण उमटत नाही, बीटा-कॅटेनिन मोडत नाही, अंगभर साठतं. मग सगळ्या शरीराला वाटायला लागतं की आपण डोकं आहोत. दोन-तीन दिवसांत मधल्या अंगावर, कुठेही, शुंडांचे कोंब फुटतात. गुळगुळीत दोरा होता तो काटेरी निवडुंगासारखा होतो.

या प्रयोगाचे फोटो मी चौदा वर्षांत शेकडो काढले असतील. परिषदांमध्ये ते पडद्यावर आले की लोक पुढे सरकून बसतात. मीही ते सुंदर आहेत असं म्हणत आले, आणि ते आहेतच. त्या सोमवारी डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला आणि पहिला कोंब दिसल्यावर मी खुर्ची मागे घेतली. एपीसी तुटलं काय, जीएसके-३ अडवलं काय, मोडणारी टोळी थांबते ती थांबतेच. मी काचेच्या वाडग्यात स्वतःच्या हाताने जे करत होते तेच एका पेशीने आण्णांच्या पोटात केलं होतं. मी पाणी बदललं, प्रयोग पुरा केला, आकडे लिहिले. फोटो मात्र त्या दिवशी विद्यार्थिनीला काढायला सांगितले.

फाल्गुनात आण्णा पुण्याला आले. मीच आणलं. प्रयोगशाळा दाखवते म्हटल्यावर त्यांनी धोतर बदललं. १८ अंशांच्या खोलीत त्यांना माझी शाल दिली. त्यांनी वाडगा हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "काय बी न्हाई ह्यात." मग सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. चष्मा काढून, लावून, पुन्हा काढून त्यांनी बघितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"हलतंय की गं."

"भूक लागली की जास्त हलतं."

मी एक हायड्रा वेगळ्या वाटीत घेतला आणि त्यांच्यासमोर शुंडांच्या खाली पात्याने आडवा काप घेतला. डोकं बाजूला झालं. उरलेला तुकडा आखडून गोळा झाला. आण्णांनी चुकचुक केलं.

"मेलं?"

"नाही. परवा-तेरवा नवं डोकं येईल."

"आन् डोकं हाय तवर दुसरं येत न्हाई?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. हा प्रश्न दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थीही स्वतःहून विचारत नाहीत. हायड्राचं डोकं स्वतःजवळ दुसरं डोकं उठू देत नाही, हे संशोधकांना कलमाचे किती प्रयोग करून कळलं.

"तुम्हाला कसं सुचलं हे?"

"सुचायचं काय त्यात? उसाचा शेंडा मारला की खालचं डोळं फुटत्यात. शेंडा हाय तवर गप बसत्यात. म्हणून तर टिपरं तोडून लावायचं. आख्खा ऊस लावला तर शेंड्याकडचंच फुटतंय."

मी म्हटलं, वनस्पतीत ते वेगळ्या रसायनाने होतं, ऑक्सिन म्हणतात त्याला, हायड्रात ते नसतं. पण शेंड्याने खालच्या डोळ्यांना गप्प बसवायचं, हा कारभार सारखाच. त्यांनी मान हलवली. मग मी त्यांना त्यांच्या गाठींचं सांगितलं. आजीच्या भाकरीपासून सुरुवात केली. म्हैस, दुरडी, मामेभाऊ. त्यांना ती रात्र आठवत होती. माझ्या आठवणीत नसलेलं एक त्यांनी जोडलं: त्या भाकरीबरोबर घरात कोरड्यास उरलेलं नव्हतं, म्हणून शेजारच्या घरातून आमटी आली होती. भिंतीवरून वाटी दिली होती.

"म्हंजी माझ्या पोटात म्हशीची पाटी फुटली," आण्णा म्हणाले.

"तसंच काहीसं."

"आन् ती बाकीची पाटी?"

"ती ठीक आहे. म्हणूनच तीन वर्षांनी पुन्हा बघायचं."

ते पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडे वळले. कापलेला तुकडा आता हळूहळू लांब होत होता. जखम मिटली होती, वरचं टोक गोल झालं होतं. त्या टोकात, डोळ्यांना काहीही दिसत नसताना, विंट चालू झालेलं असतं. ते मी त्यांना दाखवू शकत नव्हते, नुसतं सांगितलं. त्यांनी विचारलं, ते कोण चालू करतं. मी म्हटलं, जखमेच्या कडेच्या पेशी. त्या पेशींना कोण सांगतं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्याच्यावरच आमचं काम चालू आहे.

दुसऱ्या दिवशी ते गावी गेले. पाण्याची पाळी होती.

तिसऱ्या दिवशी पहाटे सहाच्या आत फोन वाजला. मागे मोटारीचा आवाज येत होता.

"आलं का?"

मी प्रयोगशाळेत पोचून कळवते म्हटलं. साडेआठला वाटी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि तशीच फोन लावला.

"दोन कोंब दिसतात, आण्णा. तिसरा नुसता उंचवटा आहे."

"तोंड?"

"तोंड अजून नाही. उद्यापर्यंत येईल."

"पाणी बदललंस का त्याचं?"

"आता बदलते."